तिसऱ्यांदा दुखलंच नाही

मिनेसोटात आमच्या गावी कुणी कॉफी विचारली, की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा "बरं, अर्धा कप" म्हणून भरलेला कप घ्यायचा. पहिल्याच झटक्यात हो म्हणणारा माणूस एकतर परगावचा, नाहीतर वाया गेलेला. माझी नात ब्रिटा नऊ वर्षांची, आणि तिच्या वळणाचं चर्चमध्ये सगळे कौतुक करतात.

सहा आठवडे तिची छाती दुखत होती. तिने आम्हाला सांगितलं नाही. शाळेच्या बाईंनी कळवलं, की ब्रिटा छाती धरून बसते आणि बाकावरच्या शेजारणीची माफी मागते. मग ईसीजी झाला, हृदयाची सोनोग्राफी झाली. दोन्ही इतके छान आले, की डॉक्टर हॉगननी आमचं अभिनंदनच केलं. दुखायचं काही थांबलं नाही.

शेवटी त्यांनी तिच्या छातीला तारा चिकटवल्या आणि कमरेला एक डबी लावली. चोवीस तासांतला एकेक ठोका त्यात नोंदला जाणार होता. "दुखलं की हे बटण दाबायचं. बाकी काही करायचं नाही," ते म्हणाले.

"थँक यू," ब्रिटा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आलेख पसरला. माझी मुलगी कॅरिन पुढे वाकली, मी चष्मा पुसला.

"निवांत बसलं की ठोके उतरायला हवेत," डॉक्टर म्हणाले. "इंजिन उत्तम आहे, ब्रेक जरा उशिरा लागतोय. हे बघा, दुपारी बारा दहाला एकदम एकशे अठ्ठेचाळीस. तेव्हा काय चाललं होतं?"

"चर्चच्या तळघरात जेवत होतो," मी म्हणालो. "भट्टीत भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश होतं. पळापळ करण्यासारखं त्यात काही नव्हतं."

"पण बटण एकदाही दाबलेलं नाही. तेव्हा दुखत होतं का, हे कळलं तरच काहीतरी जुळेल. ब्रिटा, दुखलं नाही का गं?"

"दुखलं ना. दोनदा."

"मग?"

ब्रिटाने आईकडे पाहिलं. आपलं काय चुकलं, ते तिला कळत नव्हतं. "दोनदा नको म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा दुखलंच नाही."

कॅरिनने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, हे तुमचं शिक्षण."

"तुलाही मीच शिकवलं," मी म्हणालो.

डॉक्टरांनी पुन्हा डबी लावली. या खेपेला कॅरिनने तिला नीट बजावलं, "लाजायचं नाही. पहिल्यांदाच दाबायचं. डॉक्टरांना त्याची गरज आहे."

या वेळी बटण एकेचाळीस वेळा दाबलेलं निघालं.

"एकेचाळीस वेळा दुखलं?" डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"नाही," ब्रिटा म्हणाली. "पण मागच्या वेळी तुम्हाला काहीच मिळालं नव्हतं. तुम्ही किती मेहनत घेता."

"यातलं खरं दुखलं ते कोणतं, आठवतं?"

तिने आलेखावरून बोट फिरवलं. खूप वेळ फिरवलं. मग म्हणाली, "तुम्हाला कोणतं बरं पडेल?"

डॉक्टर हॉगन आमच्याच गावचे. पुढे काय करायचं ते सुचत नाही, हे त्यांना स्पष्ट म्हणता येईना. ते म्हणाले, "तसं फार वाईट काही नाही. लक्ष ठेवू." आम्हालाही त्यांना अवघडवायचं नव्हतं. कॅरिन म्हणाली, "छानच." दाराशी उभं राहून आम्ही तिघं पंधरा मिनिटं हवेबद्दल बोललो.

कॅरिन औषधांच्या दुकानात गेली. मी आणि ब्रिटा गाडीत बसून राहिलो. ती काचेतून बाहेर बघत होती, एक हात कोटाच्या आत होता.

"आत्ता दुखतंय का गं?"

"ठीक आहे."

"ठीक म्हणजे दुखतंय, की नाही?"

तिने थोडा विचार केला. "आजोबा, किती दुखलं तर सांगायचं असतं?"

चाळीस वर्षं मी या गावातल्या प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलत आलोय. मी तिचं मनगट धरलं, नाडी शोधली. ठोके होते, भरपूर होते. मी मोजायला लागलो, तिसाच्या पुढे चुकलो, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा चुकलो.

"मला माहीत नाही, बाळा," मी म्हणालो.

"काही हरकत नाही, आजोबा," ती म्हणाली आणि दुसऱ्या हाताने माझा हात थोपटला.