इरकलीचा तुकडा

सहा वाजून दहा मिनिटांनी नृसिंह देशिंगकरांनी दुधाचे पातेले गॅसवरून उतरवले, साय चमच्याने कडेला सारली आणि पितळी वाटीत दोन पळ्या दूध घातले. कालची अर्धी पोळी बोटांनी कुस्करून त्यात टाकली. करंगळी बुडवून पाहिली. अजून चटका बसत होता. वाटी गार पाण्याच्या ताटात ठेवून ते ओट्याला टेकून उभे राहिले आणि पाच मिनिटांनी त्यांनी ती स्वयंपाकघराच्या दाराशी, ठरलेल्या फरशीवर नेऊन ठेवली.

दिवाणाखालून कापशी बाहेर आली. पांढरीशुभ्र, पिंजलेल्या कापसाच्या पुंजक्यासारखी कुत्री. वाटीपासून तीन हातांवर ती बसली आणि त्यांच्याकडे पाहू लागली. त्या पाहण्याचा अर्थ त्यांना आता ठाऊक झाला होता. ते पडवीत गेले, वर्तमानपत्र उचलले, मुद्दाम एकदा खाकरले. मग आतून दूध चाटण्याचा आवाज येऊ लागला.

आठ महिने हे असेच चालले होते. त्यांची बायको कुमुद गेल्यापासून.

देशिंगकर सरांच्या निवृत्तीच्या वर्षी, दोन हजार साली, कुमुदने हे पिल्लू आणले होते. सरांनी तेव्हा फक्त एवढेच विचारले होते की याचे केस कोण विंचरणार. केस कुमुदनेच विंचरले, आणि दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी कापशीला शाहूपुरीत, कुत्र्यांचे केस कापून-विंचरून देणाऱ्या प्रसेनजीतच्या दुकानात नेले. कुमुद गेल्यावरही तो गुरुवार सरांनी मोडला नाही. पस्तीस वर्षे भूमिती शिकवलेला माणूस. ठरलेली रेषा सोडणे त्यांच्या हातून होत नसे.

आजही दुसरा गुरुवार होता. साडेनऊला त्यांनी पट्टा अडकवला, तेव्हा कापशी लाकडासारखी उभी राहिली. रिक्षात त्यांच्या मांडीवर बसली तीही कुणा परक्याच्या मांडीवर बसावी तशी. पण रिक्षा चौथ्या गल्लीत वळली आणि तिचे कान ताठ झाले. घशातून बारीक, लाडिक आवाज निघू लागला. दुकानाच्या पायरीशी तर तिने सरांच्या हातातून पट्टा हिसकलाच.

"आली व्हय बया? ये की, ये!"

प्रसेनजीत उकिडवा बसला. पस्तिशीचा, सावळा, दंडावर नखांचे जुने ओरखडे असलेला माणूस. जनावरांच्या दवाखान्यात सात वर्षे काढून, मग पुण्याला जाऊन त्याने हे काम शिकून घेतले होते. कापशीने पुढचे दोन्ही पाय त्याच्या छातीवर ठेवले आणि त्याचा कान चाटला. सर पायरीवर उभे होते. पट्टा तिच्यामागे फरशीवर लोळत गेला होता आणि त्यांचा उजवा हात अजून मिटलेलाच होता.

"चहा सांगू सर?"

"आत्ताच घेतलाय."

आठ महिन्यांत हा प्रश्न आणि हे उत्तर बदलले नव्हते. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे न पाहता सर वळायचे, वाचनालयात तास-सव्वातास काढायचे आणि कापशीला घेऊन घरी जायचे.

त्या दिवशी वाचनालयाच्या दारावर पुस्तकांच्या मोजणीसाठी बंद असल्याची पाटी होती. दहा मिनिटांत ते परत आले. बाकावर शिरोलीच्या फाउंड्रीतले बाळासो आपल्या आडदांड कुत्र्याला पायाशी घेऊन बसले होते. त्यांनी जरा सरकून जागा दिली. सर आयुष्यात पहिल्यांदा त्या दुकानाच्या आत बसले.

कापशी उंच टेबलावर उभी होती. चारही पाय स्थिर, डोळे अर्धे मिटलेले. प्रसेनजीतचा कंगवा तिच्या छातीवरच्या केसांतून सावकाश खाली येत होता. घरी नुसता कंगवा दिसला की ही दिवाणाखाली जाऊन गुरगुरत असे. इथे मात्र मान वर करून, गळा मोकळा सोडून उभी होती. सरांनी नजर दुसरीकडे वळवली, आणि ती नेमकी तिच्या पायांखालच्या कापडावर गेली.

जांभळट रंग. लाल काठ. काठाजवळ रफू.

कुमुदच्या इरकली लुगड्यावरचे ते रफू त्यांनी ओळखले. वाकडा चौकोन होता तो, चारही बाजू असमान. "हा चौकोन कुठल्या व्याख्येत बसतो?" असे त्यांनी एकदा चेष्टेने विचारले होते. कुमुदने मान वर न करता दोरा दातांनी तोडला होता.

ते उठून टेबलाशी गेले.

"हे तुमच्याकडे कसं आलं?"

"काय सर?"

"हे कापड."

"काकूंनी दिलेलं." प्रसेनजीतचा हात थांबला नाही. "हितं परत्येक जनावराचं घरचं कापड असतंय. त्या खिळ्यांवर बगा की."

मागच्या भिंतीवर खिळ्यांची रांग होती आणि प्रत्येक खिळ्याला रबर लावलेली एकेक प्लास्टिकची पिशवी. पिशव्यांवर नावे लिहिलेली होती. कुठे टॉवेल, कुठे लहान मुलाचे झबले.

"घरच्या माणसानं अंगावर वापरलेलं कापड पायाखाली असलं की जनावर उभं ऱ्हातंय. फकस्त धुवायचं न्हाय, ही अट. काकू चार-सा महिन्याला नवा तुकडा आणायच्या. ह्यो शेवटचा."

"आमच्या टायगरला माझी लुंगी दिल्या," बाळासो बाकावरून म्हणाले. "बायको म्हंती, आता तुमी लुंगीबी कुत्र्याला इचारून नेसा."

सर रफूकडेच पाहत होते.

कुमुद गेल्यानंतर चौदाव्या दिवशी सरांची बहीण अक्का मिरजेहून आली होती. कपाट उघडून तिने विचारले होते, "दादा, यातलं काही ठेवायचंय का तुला?" सरांनी पाठ फिरवून सांगितले होते, "सगळं देऊन टाक." एक रुमालही मागे ठेवला नव्हता. त्यानंतर कितीतरी दुपारी त्यांनी ते रिकामे कपाट उघडून पाहिले होते. त्यात फक्त लाकडाचा वास होता. आणि इथे, या चौथ्या गल्लीत, प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावून, कुमुद महिन्याच्या महिन्याला सांभाळून ठेवलेली होती.

"ती गेली तेव्हाच हे परत द्यायला हवं होतं तुम्ही."

"कुनाला सर? तुमी कदी आत बसलाच न्हाईसा."

"मला सांगता आलं असतं. बाईमाणसाचं अंगावरचं वस्त्र, ते इथं, असं..." वाक्य कुठे चालले आहे हे त्यांच्याच ध्यानात आले आणि ते थांबले.

प्रसेनजीतने कंगवा खाली ठेवला. "इथं म्हंजी कुठं सर?"

सरांनी कापडाचा लोंबता काठ बोटांत धरला.

"काकू ह्या बाकावर दीड-दीड तास बसायच्या. दोन डाव चहा घ्यायच्या. मी काय चोरून न्हाय आणल्यालं."

"चोरून आणलं असं मी म्हटलं नाही. द्या ते मला."

"अवो मास्तर," बाळासो म्हणाले, "एका फडक्यासाठनं कशाला ओ एवढं..."

"ते फडकं नाही!"

पस्तीस वर्षांत वर्गातही त्यांचा आवाज इतका चढला नव्हता. कापशी दचकली आणि प्रसेनजीतच्या पोटाशी सरकली. ते पाहून सरांच्या मनातला उरलासुरला संकोचही गेला. त्यांनी हात पुढे केला. प्रसेनजीतने एका हाताने कापशीला उचलले, दुसऱ्याने कापड झटकले आणि घडी न घालता त्यांच्या हातात दिले.

"न्या. तुमचंच हाय. पर धुऊ नगासा सर."

हा माणूस आता आपल्याच बायकोच्या लुगड्याचे काय करायचे तेही सांगणार, असे वाटून ते कापशीला घेऊन बाहेर पडले. कापशीचे अर्धे अंग विंचरलेले होते, अर्धे तसेच. रिक्षात ती मागच्या काचेकडे तोंड करून बसली.

घरी येताच त्यांनी बादलीत साबण कालवला. कितीतरी कुत्री येणाऱ्या दुकानात आठ महिने लोळलेले ते कापड त्यांनी दोनदा चोळले, तीनदा खळबळले. कापशी मोरीच्या दाराशी उभी राहून बारीक रडत होती. फिरायला जायची घाई झाली असेल, असे त्यांना वाटले. कापड वाळल्यावर त्यांनी त्याला इस्त्री केली, काठाला काठ जुळवून चौपट घडी घातली आणि ती रिकाम्या कपाटाच्या मधल्या फळीवर ठेवली. त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागले. प्रसेनजीतच्या भिंतीवरचा एक खिळा आता रिकामा असेल, हा विचार त्यांनी दोन-तीनदा मनात घोळवला.

पुढच्या दुसऱ्या गुरुवारी ते शाहूपुरीत गेले नाहीत. त्यांनी नवा कंगवा आणला होता. जेवणाच्या टेबलावर इरकलीचा तुकडा अंथरला, कापशीला उचलून त्यावर ठेवले आणि वाट पाहिली. कापशीने नाक खाली नेले. या कडेपासून त्या कडेपर्यंत तिने ते कापड हुंगले, मग रफूपाशी परत येऊन पुन्हा हुंगले. नंतर मान वर करून तिने सरांकडे पाहिले आणि टेबलावरून उडी मारली.

"कापशी! इकडे ये. कापशी!"

दिवाणाखाली त्यांनी हात घातला. ती चावली. फार जोरात नाही; अंगठ्याच्या मुळाशी दोन ठिपके उमटले, एवढेच. अंगठा नळाखाली धरून ते बराच वेळ उभे राहिले. मग टेबलापाशी आले, कापड उचलले आणि, घरात कुणी नसूनही एकवार दाराकडे पाहून, नाकाशी धरले.

साबण. इस्त्री. आणखी काही नाही.

त्यांनी रफू नाकाशी नेले. तिथेही साबणच होता.

ते खुर्चीवर बसले. कुमुद त्या बाकावर दीड-दीड तास काय बोलत असेल, हा प्रश्न महिनाभर त्यांना कुरतडत होता. तो माणूस तिच्याबद्दल आपल्याला ठाऊक नाही असे काहीतरी जाणतो, याचाच राग होता तो. पण त्याने जे जपले होते ते त्याच्या हातात असेपर्यंत होते. आपल्या हातात आले आणि दोनदा चोळून, तीनदा खळबळून गेले. दिवाणाखाली कापशी अंग चाटत होती. तो आवाज ऐकत ते दिवेलागणीपर्यंत तसेच बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ झाल्यावर त्यांनी तो तुकडा उपरण्यासारखा मानेभोवती घेतला.

फिरायला जाताना तो त्यांच्या गळ्यात होता. भाजी चिरताना होता. फोडणी देताना त्याला हात पुसले गेले आणि हळदीचा डाग पडला. त्यांनी तो राहू दिला. दुपारी तो उशीवर असे. शेजारच्या शालूबाईंनी कुंपणावरून विचारले, "सर, एवढ्या उन्हाचं गळ्यात काय ओ?"

"घाम पुसायला."

"मग धुवायला टाका की कवातरी. कसं दिसाय लागलंय ते."

"टाकतो."

त्यांनी टाकला नाही. ज्या माणसाचे कपडे रोज सकाळी सातच्या आत दोरीवर वाळत असत, त्याच्या मानेला चार आठवडे एकच कापड होते. त्याला घामाचा, फोडणीचा, डोक्याच्या तेलाचा, उसातून फिरून आलेल्या वाऱ्याचा वास लागत गेला. कापशी लांबून पाहत राही. तिच्या केसांच्या गाठी वाढत चालल्या होत्या. वाटीपासूनचे अंतर तीन हातांचे दोन हात झाले की काय, असे त्यांना एकदा वाटले. पण मोजपट्टी लावण्यासारखे ते नव्हते, आणि आपल्याला तसे वाटावे अशीच आपली इच्छा आहे, हेही त्यांना कळत होते.

दुसरा गुरुवार आला. सरांनी सहा वाजून दहा मिनिटांनी दूध उतरवले, साडेनऊला पट्टा अडकवला. चौथ्या गल्लीत कापशीचे कान ताठ झाले. या वेळी पायरीशी त्यांनी पट्टा आपणहून सोडला.

प्रसेनजीतने तिच्या अंगावरच्या गाठींतून बोटे फिरवली.  चहाचे त्याने विचारले नाही. सरांनी मानेभोवतीचा तुकडा काढला आणि त्याच्यापुढे धरला.

त्याने तो घेतला आणि एखादा वैद्य मुळी पाहतो तसा नाकाशी नेला. मग हळदीचा डाग पाहिला, रफू पाहिले, सरांच्या मानेकडे पाहिले.

"धुतलं व्हय सर?"

"एकदाच. नंतर नाही."

प्रसेनजीतने मान हलवली. कापड टेबलावर पसरून त्याने चारही कोपऱ्यांवरून तळहात फिरवला आणि कापशीला उचलून घेतले. तिचे नाक आता कापडाकडे जाणार होते. बाक रिकामा होता. तिथे बसले असते तर सरांना सगळे दिसले असते.

"मी वाचनालयात जाऊन येतो," ते म्हणाले. "तासाभरानं. आल्यावर चहा सांगा."

"दोन सांगतो की," प्रसेनजीत पाठमोराच म्हणाला.

त्यांनी दार मागे ओढून घेतले. उघड्या मानेला गल्लीतला वारा लागला. आतून अजून कसलाच आवाज आला नव्हता. तो ऐकण्यासाठी पायरीवर थांबायचे नाही, असे ठरवून ते उतरले आणि चालू लागले.