ब्रेक जरा…

गॅरेजवाल्या वाकुईच्या जपानी गावात ‘नाही’ हा शब्द परगावच्या लोकांसाठी राखून ठेवलेला होता. आपापसात लोक ‘जरा…’ म्हणत, दातांमधून हवा आत ओढत आणि थांबत. पुढचं वाक्य समोरच्याने मनात पुरं करायचं. “शनिवारी जमेल का?” “शनिवारी जरा…” एवढ्यावर शनिवार बाद झाला, हे शेंबड्या पोरालाही कळे. रीत चांगली होती. खोट एकच: समोरच्याने वाक्य भलतंच पुरं केलं, तर ते दुरुस्त करायची रीत नव्हती.

आणि तोदोरोकी-सान वाक्यं भलतीच पुरी करण्यात पटाईत. गावातल्या जुन्या गाड्यांच्या मंडळाचे ते अध्यक्ष. त्यांच्या आडनावाचा अर्थच गडगडाट, आणि ते लिहिताना ‘गाडी’चं अक्षर तीनदा काढावं लागतं; म्हणजे बिचाऱ्यांना जन्मापासून दुसरा मार्गच नव्हता. १९६४च्या तोक्यो ऑलिम्पिकच्या वर्षीची त्यांची पांढरी, दोन दारांची गाडी मात्र शिंक दाबल्यासारखा आवाज करायची. म्हणून त्यांनी ती वाकुईच्या गॅरेजात आणली. जुना सायलेन्सर काढायचा, जाडजूड नवा पाईप बसवायचा, आवाज छातीत घुमला पाहिजे.

वाकुईने पाईप वाकवला, जोडला, बसवला. पण मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेक ऑइलची बारीक नळी आता त्या पाईपापासून जेमतेम बोटभर अंतरावर आली. मध्ये आच अडवायला त्याने पत्रा लावला. पत्रा वाजू लागला.

“हे काय किणकिणतंय रे? देवळातली घंटा बांधलीस काय?”

“आच अडवायचा पत्रा आहे. पकड बदलतो, म्हणजे…”

“काढून टाक.”

“काढला तर ब्रेकच्या नळीला जरा…”

“जरा मोकळं वाटेल. वाटू दे की!”

वाकुईने पत्रा काढला. तोदोरोकी-साननी त्याचं लग्न जमवलं होतं, आणि बायको चांगली निघाली होती, हीच पंचाईत. वाईट निघाली असती तर दोन शब्द बोलता आले असते.

रविवारी सकाळी मंडळाच्या गाड्या कुरोसाका घाट ओलांडून पलीकडच्या गरम झऱ्यांच्या गावी जमायच्या होत्या. “तू शेजारी बस,” तोदोरोकी-सान म्हणाले. “स्वतःचं काम स्वतःच्या कानांनी ऐक.”

घाट चढताना गाडी अशी गरजत होती, की सफरचंदांच्या बागांतल्या म्हाताऱ्या बायका शिड्यांवरून वळून बघत होत्या. तोदोरोकी-सान प्रत्येकीला मान लववत होते. माथ्यावरच्या चहाच्या टपरीशी दहा-बारा हौशी मंडळी जमलेली दिसली, तेव्हा त्यांनी गाडी थांबवली. इंजिन मात्र चालूच ठेवलं. उभ्या गाडीखालून वारा जात नाही, हे वाकुईला ठाऊक होतं.

“इंजिन जरा…” तो म्हणाला.

“जरा वेळ चालू राहू दे म्हणतोस? माझ्याही मनात तेच आहे.”

वाकुईने बसल्या जागी वाकून पायाखालची सतरंजी उचलली आणि गाडीच्या लोखंडी तळाला तळहात लावला. लगेच काढला. तळ तव्यासारखा तापला होता. याच तळाखालून नळी जात होती. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ बिचारी दाबली की दबते. पायाचा सगळा जोर तिच्यातच जिरतो, चाकांना पत्ता लागत नाही. त्या काळच्या गाड्यांत चारही चाकांचा संसार एकाच ऑइलवर. एकीकडे बिघडलं की सगळीकडे.

गाडी उताराला लागली. डावीकडे डोंगर, उजवीकडे कठडा, कठड्यापलीकडे काही नाही.

पहिल्या वळणावर तोदोरोकी-साननी ब्रेक दाबला. गाडी हळू झाली, पण उशिरा.

“तोदोरोकी-सान, ब्रेक जरा…”

“मऊ झालेत ना? माझ्याही लक्षात आलं. पायाखाली अगदी तोफू! हेही काम तूच केलंस? वा!”

वाकुईच्या घशात पुढचं सगळं वाक्य तयार उभं होतं. बाहेर यायला त्याला लाज वाटत होती.

दुसरं वळण. पेडल थेट तळाला टेकलं. गाडी वळली, पण टायर किंचाळले, आणि पाईपाचा तो छातीत घुमणारा आवाज अचानक फार मोठा वाटू लागला. तोदोरोकी-साननी पुन्हा पाय दाबला. पुन्हा. चेहऱ्यावर हसू तसंच होतं, फक्त त्याच्या मागे कोणी उरलं नव्हतं.

“वाकुई,” ते अदबीने म्हणाले, “माझा पाय जरा…”

“गिअर टाक! दुसरा! टाक म्हणतो ना, म्हाताऱ्या!”

तोदोरोकी-साननी गिअर टाकला. इंजिनाने आक्रोश केला, गाडीला हिसका बसला. वाकुईने दोन्ही हातांनी हँडब्रेक धरला. तो जुन्या लोखंडी तारेवर चालत होता. त्याला ऑइलशी देणंघेणं नव्हतं. एकदम ओढला तर मागची चाकं अडकून गाडी कठड्यावर जाणार. त्याने तो थोडा ओढला, सोडला, पुन्हा ओढला. जळक्याचा वास आला. समोर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी राखलेली जागा दिसली: रस्ता सोडून डोंगरात चढत गेलेली, जाड खडीने भरलेली.

“डावीकडे घे! खडीत घाल!”

“रंग खराब…”

“घाल!”

गाडी खडीत घुसली, दगड तळावर ताशासारखे कडाडले, आणि पुढची चाकं रुतून ती थांबली. गाडीखाली पाईप थंड होताना टक् टक् करत होता.

“तू मला ‘टाक’ म्हणालास,” तोदोरोकी-सान अखेर म्हणाले.

“हो.”

“म्हाताराही म्हणालास. लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांना मी सांगितलं होतं, मुलगा मृदुभाषी आहे म्हणून.”

दोघं उतरून खडीत बसले. तोदोरोकी-साननी थर्मासमधला चहा ओतला; निम्मा खडीला मिळाला. चहा संपल्यावर ते उठले, आत बसले आणि पेडल दाबलं. पुन्हा दाबलं. चेहरा उजळला.

“अरे, आलं की! दगडासारखं कडक! उगाच घाबरवलंस. चल, ढकल मागे, लोक खोळंबले असतील.”

ऑइल थंड झालं होतं, वाफ जिरली होती. आता गाडीखाली वाकून बघितलं तरी काही सापडलं नसतं. आणि घाटाचा कठीण भाग अजून खालीच होता. तिथे खडी नव्हती.

“तोदोरोकी-सान, खाली जाणं जरा…”

“जरा सावकाश जाऊ. कबूल.”

वाकुईने खिडकीतून हात घालून किल्ली काढली आणि खिशात टाकली.

“सावकाश नाही. जायचंच नाही. माझ्या पाईपाने नळी तापवली, ऑइल उकळलं. ते पुन्हा उकळेल आणि आपण दरीत जाऊ. पत्रा काढायला नको होता. तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं, दोघंही गाढव. गाडी ट्रकवर चढून जाईल.”

भर देवळात कुणी विजार उतरवावी तसं तोदोरोकी-सान त्याच्याकडे बघत राहिले. एवढं लांब आणि पूर्ण वाक्य त्यांनी बहुधा आयुष्यात ऐकलं नव्हतं.

मंडळाच्या गाड्या हॉर्न वाजवत खाली जाऊ लागल्या. तोदोरोकी-सान खडीत ताठ उभे राहून एकेकाला मान लववत होते, जणू अध्यक्षांनी सलामी घ्यायची जागा हीच ठरली होती. वाकुईने गाडी उचलणाऱ्याला फोन लावला.

“आज रविवार ना,” पलीकडचा म्हणाला. “रविवारी जरा…”

“जरा काय?”

असा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता.

“…येतो,” तो म्हणाला.

तोदोरोकी-सान गुडघे टेकून गाडीखाली डोकावत होते. “तो पत्रा,” ते तिथूनच म्हणाले. “पुन्हा बसवलास तर किणकिणेल?”

“किणकिणेल.”

“जरा?”

“बरंच,” वाकुई म्हणाला.