पुलाखालच्या डब्याचा आकडा

मी पुलाखाली टांगलेला डबा बोलतोय. जरा थांबून ऐका, मला फार भीती वाटतेय.

मूळचा मी साक्षीचा शाळेतला जेवणाचा डबा. धरणातून सोडलेलं पाणी आपल्या गावापर्यंत यायला किती तास लागतात, हे तिला लहानपणापासूनचं कोडं. कॉलेजात गेल्यावर तिनं माझ्यात सेन्सर आणि सिमकार्ड बसवलं आणि मला कृष्णेवरच्या पुलाला उलटं बांधलं. मी खाली आवाज टाकतो. तो पाण्यावर आपटून परत यायला लागलेल्या वेळेवरून पाणी माझ्यापासून किती फुटांवर आहे ते काढतो. मिस्ड कॉल दिला की तेवढा आकडा पाठवतो. माझी अक्कल एवढीच.

तिचे आजोबा गुंडाआबा नदीकाठच्या मळीच्या रानात राहतात. भोवती डोक्याच्या वर ऊस, घरातून नदी दिसत नाही. पूर्वी पूर आला की ते पाण्याच्या कडेला काठी रोवायचे. ती बुडाली की म्हशी सोडून गावात यायचे. आता गुडघे धरलेत. काठी गोठ्यात पडून असते आणि आबा मला विचारतात. साक्षीनं त्यांना मिस्ड कॉल द्यायला शिकवलं, पण आकडा कमी झाला म्हणजे पाणी वर आलं, हे सांगायचंच राहिलं. तिला ते इतकं उघड वाटलं होतं.

आज सकाळी मी अठरा सांगितले, दुपारी नऊ. शेजारचा हरिबा घरच्यांना ट्रॅक्टरवर घेऊन पुलावर आला. पाणी बघून त्यानं तिथूनच फोन लावला, स्पीकरवर.

"आबा, निगा आता. पाणी लय चढलंय."

"आरं, अठराचं नऊ झालंय, उतरतंय की. तू दरसाली असाच भितोस. माज्या नातीचं मशीन खोटं बोलत न्हाई."

आबांनी फोन ठेवला. हरिबानं पुन्हा लावला, त्यांनी उचलला नाही. तेव्हा तो नाव आणायला गावाकडं निघाला.

मी खरंच खोटं बोललो नाही, याचीच धास्ती वाटते. त्यानंतर आबांनी तीनदा विचारलं. सात. सहा. चार. दर आकड्याला ते निवांत होत असतील, म्हशींना वैरण टाकत असतील. विचारलं की उत्तर द्यायचं. गप्प बसायला मला कुणी शिकवलंच नाही.

साक्षी सांगलीत परीक्षेला बसलीय, तिचा फोन बंद. पोरी, पेपर राहू दे. बाहेर ये आणि आबांना सांग. नाव अजून आली नाही, आणि पाणी माझ्या झाकणाजवळ पोचलंय.

आबांचा पुन्हा मिस्ड कॉल आलाय. मी उत्तर पाठवतोय: एक.