कल्हई गेलेला टोप आणि मंत्र्यांच्या कोंबड्या

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा टोप आहे आणि अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉय गावी राहतो. माझ्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. मी खोटं बोलत नाही, खरं थोडं फुगवून सांगतो. टोपच आहे मी, पोट मोठं असायचंच.

माझा जन्म आफ्रिकेतल्या एका डोंगरात झाला. देशाचं नाव सांगत नाही. तसे देश एकाहून अधिक आहेत, मग एकट्याचीच लाज का काढा? त्या डोंगरात इतकं तांबं होतं, की वीज कडाडली की अख्खा डोंगर पुढचा तासभर घणघणत राही. मग खाण आली. मला खणलं, वितळवलं, आगगाडीत घातलं, जहाजावर चढवलं. पुण्याला जगन्नाथ तांबटांनी मला ठोकून ठोकून आकार दिला. प्रत्येक ठोक्याला मी असा सुरात ओरडलो, की शेजारच्या गायनशाळेतली मुलं आपापले तंबोरे माझ्यावर जुळवून घेत.

पुढे मी मृणालिनी काकूंच्या रुखवतात आलो. त्यांचे यजमान चारुदत्त काका विजेचे इंजिनिअर. त्यांना नोकरी मिळाली ती थेट माझ्या जन्मगावच्या खाणीत! तांब्याच्या देशात तांब्याचं भांडं घेऊन निघालेलं ते जगातलं पहिलंच कुटुंब असावं.

पण तिथं पोचल्यावर पाहतो तर काय! माझा डोंगर नव्हताच. त्याच्या जागी मोठा खड्डा होता. रोज आगगाड्या भरभरून तांबं जात होतं आणि गावातल्या दुकानात मात्र साधा चमचा मिळत नव्हता. खाणीकडे जाणाऱ्या विजेच्या तारा झोपड्यांच्या डोक्यावरून जात, खाली दिवा नसे. शाळेला छप्पर नव्हतं. पाऊस आला की मुलं दप्तर डोक्यावर धरून पाढे म्हणत.

त्या शाळेत म्वीला नावाची तरुण शिक्षिका होती, आमची शेजारीण. काकूंच्या हातची, माझ्यात केलेली कढी तिला फार आवडे. तिला मराठीतले तीनच शब्द येत: काकू, कढी आणि ‘पुरे’. त्यातला तिसरा ती कधी वापरत नसे.

तिला शिकवलं होतं कासोंदे सरांनी. फार चांगला माणूस. स्वतःचा कोट विकून मुलांना पाट्या आणणारा. लोकांनी त्यांना निवडून दिलं, हार घातले, मंत्री केलं, चौकाचौकात फोटो लावले. मग काय झालं कोण जाणे. शाळेच्या छपरासाठी राजधानीहून पत्रे निघाले आणि ते शाळेवर येण्याऐवजी सरांच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर जाऊन बसले. कोंबड्या कोरड्या, मुलं ओली. लोक मात्र सर गावात आले की तरीही हार घालत.

पुढे तांब्याचा भाव पडला, काकांची नोकरी गेली आणि आम्ही ट्रॉयला आलो. काकांना मोटारीच्या कारखान्यात काम मिळालं. काकूंनी स्टीलची भांडी घेतली आणि माझी रवानगी गॅरेजमध्ये झाली. माझ्या पोटात छत्र्या, हॉकीच्या काठ्या आणि एक विझलेला टॉर्च. तुम्हीच सांगा, कढी पाहिलेल्या पोटाला हे गोड लागेल का?

१९८६ साली म्वीला शिकायला जवळच्याच डेट्रॉइटला आली. दोन वर्षांनी तिचं शिक्षण संपलं. परत जाण्याआधीच्या एका रविवारी ती आमच्याकडे जेवायला येणार होती. त्याच दुपारी कासोंदे सरांचा फोनही आमच्याच घरी यायचा होता. सर तिला साऱ्या जिल्ह्याच्या शाळांची मुख्य करणार होते. बंगला, गाडी, शिपाई. अट एकच: पत्र्यांबद्दल विचारायचं नाही. तिनं अजून हो किंवा नाही ठरवलं नव्हतं.

तिला आनंद व्हावा म्हणून काकांनी मला गॅरेजमधून बाहेर काढलं. त्यांची मुलगी दीपा हिनं टोमॅटो केचप लावून मला बाहेरून घासलं.

“बाबा, लुक! इट्स सो शायनी!”

“शायनी काय, आरसा झालाय आरसा!” काका म्हणाले. “आज कढी मी करणार. ह्याच टोपात!”

आणि त्यांनी घुसळलेलं ताक धडाधड माझ्यात ओतलं. मी आतून ओरडत होतो, पण आमचं कोण ऐकतं? तेवढ्यात काकू आल्या, माझ्यात डोकावल्या आणि किंचाळल्या.

“अहो! ह्याची कल्हई कुठंय?”

“कल्हई कशाला? बघ ना बाहेरून कसा चकाकतोय!”

“कढी बाहेरून ओतणार आहात का?”

सगळं ताक सिंकमध्ये गेलं. काका त्याच्याकडे अशा नजरेनं पाहत राहिले, जणू कुणी जवळचं गेलं. म्वीला दारातच उभी होती. तिला काहीच कळेना, म्हणून काकू इंग्रजीत समजावू लागल्या.

“तांब्याला आतून कथलाचा पातळ थर देतात. त्याला कल्हई म्हणतात. तो झिजला आणि आंबट घातलं, की कळकतं. मग खाणारा आजारी पडतो.”

“म्हणजे टोप वाईट निघाला?” म्वीलानं विचारलं.

“छे गं! टोप सोन्यासारखा आहे. कल्हई झिजतेच. कुणाचीही झिजते. आम्ही इतकी वर्षं आत बघितलंच नाही ना! आजसुद्धा घासला तो बाहेरूनच.”

म्वीला माझ्यात वाकून बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, “काकू, आम्ही सरांना हारच घालत राहिलो.”

आणि फोन वाजला.

स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा फोन होता तो, लांब वेटोळ्या वायरचा. म्वीला बोलताना ती वायर बोटाला गुंडाळत होती. बोट पांढरं पडलं.

“सर, तुम्ही मला भागाकार शिकवला,” ती म्हणाली. “पाट्या कमी आणि मुलं जास्त असली तर कसं वाटायचं, ते शिकवलंत. मी येते. पण आधी पत्रे शाळेवर येऊ देत.”

पलीकडून मोठा आवाज आला. मग बारीक आवाज आला. मग फोन ठेवल्याचा आवाज आला. बंगला, गाडी, शिपाई, सगळं त्या एका खटक्यात गेलं. म्वीला रडली, कारण सर तिचे खरंच लाडके होते. काकूंनी तिला जवळ घेतलं आणि काका म्हणाले, “स्टीलच्या पातेल्यात करतो गं कढी. अजून दही आहे.”

पुढच्या रविवारी काकांनी ड्राइव्हवेमध्ये बार्बेक्यूची शेगडी पेटवली. कॉलेजात केमिस्ट्री शिकवणाऱ्या गिरीशकाकांनी कल्हईला लागणारं कथील आणि नवसागराची पूड दिली. मला तापवून आत नवसागर टाकला मात्र, असा पांढरा धूर उठला की कॅनडातल्या लोकांना लवकर बर्फ पडल्यासारखं वाटलं. शेजाऱ्यांनी बंब बोलावला. हेल्मेट घातलेले तीन फायरमन पाईप घेऊन धावत आले.

“मॅम, व्हॉट्स बर्निंग?”

“नथिंग! कल्हई!” काकू म्हणाल्या आणि कापसाचा बोळा म्वीलाच्या हातात दिला. “पूस, पूस, थांबू नकोस, आत्ताच चढेल!”

तिनं कथील माझ्या पोटात फिरवलं. पाहता पाहता मी आतून चांदीसारखा झालो. फायरमन टाळ्या वाजवून, कढी पिऊन गेले.

म्वीला परत गेली, ती आपल्या त्याच बिनछपराच्या शाळेत, साधी शिक्षिका म्हणून. फार दिवस काही कळलं नाही. मग एकदा फोन आला. शाळेतल्या मुलांच्या आया भर दुपारी गाणी म्हणत सरांच्या खुराड्याकडे गेल्या होत्या. पहारेकऱ्याची मुलगीही त्याच शाळेत, त्यानं शिडी धरली. प्रत्येकीनं एकेक पत्रा डोक्यावर आणला. म्वीलानं एवढंच सांगितलं. कोंबड्याही रांगेनं मागोमाग चालत आल्या, हे मात्र माझं.

“आणि सर?” काकूंनी विचारलं.

“शेवटचा पत्रा स्वतः सरांनी दिला,” म्वीला म्हणाली. “वर्गात मागच्या बाकावर थोडा वेळ बसून गेले. काकू, आता दर सुट्टीला आम्ही शाळेच्या सामानाची कोठी उघडतो. कुणीही यावं, आत बघावं. माझ्यावरही लक्ष ठेवा म्हणून सांगितलंय. माझीसुद्धा झिजेल ना!”

मित्रांनो, मी आता पुन्हा स्वयंपाकघरात असतो. माझ्यावर प्रेम करा, मला घासा, पुसा, मला फार आवडतं ते. पण ज्याच्यातलं तुम्ही सगळे जेवणार आहात, त्या टोपाचं नुसतं कौतुक करू नका. ओतण्याआधी त्याच्यात वाकून बघा. आम्हाला राग येत नाही. उलट, कुणी आत डोकावलं की बरं वाटतं.

चला, काकू दही घुसळायला लागल्या. आज कढी आहे.