वायर दिसूक नको

गुरुदास मुंबईहून आला तो टीव्हीचा खोका घेऊनच. कणकवली स्टेशनापासून आचऱ्यापर्यंत खास रिक्षा केली होती त्याने. खोका आडवा मांडीवर धरून तो असा बसला होता, जणू नवजात मूलच घरी आणतोय. ओटीवर खोका टेकवला, घाम पुसला आणि पहिला प्रश्न विचारला तो धाकट्या भावाला, बाळाला. "भिंत खंयची घेवया?"

बापाची चौकशी त्याने केली नाही. आतल्या खोलीत जानकी तेव्हा सासऱ्यांना, दाजींना, कुशीवर वळवत होती. गुरुदासचं बोलणं तिला ऐकू आलं. दाजींनाही आलं असावं, कारण त्यांनी मान दाराकडे वळवायचा प्रयत्न केला. अर्धांगाचा झटका येऊन त्यांची उजवी बाजू गेली होती. वाचाही गेली होती, राहिली होती ती एक घोगरी हाक, "ओऽ." तहान लागली तरी ओऽ आणि कपडे ओले झाले तरी ओऽ. कुठला ओऽ कशाचा ते एकट्या जानकीला कळे. बाळा, तिचा नवरा, तिठ्यावर पिठाची गिरण चालवायचा. घरी असला तरी त्या खोलीच्या उंबऱ्याआत पाऊल घालायचा नाही. "माका मळमळता गो," म्हणायचा. जानकीलाही आधी मळमळायचं. पण ते विचारलं कोणी नव्हतं.

टीव्ही आणायला कारण होतं. गुरुदासच्या मुलाचं, निकेतचं लग्न ठरलं होतं. मुलगी रेडीच्या शंकररावांची. त्यांचे खनिजाचे ट्रक बंदरावर चालत, दारात दोन गाड्या. पसंती मुंबईतच झाली होती. आता शंकरराव आपल्या आईला घेऊन मुलाचं मूळ घर बघायला आणि तारीख धरायला रविवारी येणार होते. म्हणून माजघराला गुलाबी रंग, नवीन सोफा आणि भिंतीवर चिकटून बसणारा हा चपटा टीव्ही. गावात असा टीव्ही अजून कोणाकडेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमन आला. सहदेव त्याचं नाव, वाडीतलाच. छताच्या कोन्यावर डिश बसवून झाल्यावर तो माजघरात आला आणि नव्या रंगाकडे बघून त्याने डोकं खाजवलं.

"भिंतीत खाच मारून वायर खाली घेतलंय तर रंगाची वाट लागतली. चिरो हा, मारलेल्या रेषेत फुटाचो नाय. नाय तर पट्टी मारून वायर भायरसून घेतंय."

"पट्टी नको. वायर दिसूक नको," गुरुदास म्हणाला. "ह्या भिंतीच्या पलीकडे काय आसा?"

"दाजींची खोली," बाळा म्हणाला.

"मग काय तर! टीव्हीच्या मागसून आरपार भोक मार. वायरी, बोर्ड, तो डबो, सगळा पलीकडे घे. थंय कोण बघूक येता?"

जानकी चहा घेऊन आली होती. तिने कप ठेवले. बाळा काहीतरी बोलेल म्हणून ती क्षणभर थांबली. बाळाने कप उचलला आणि फुंकर घातली.

"भावोजी, त्यांची खाट त्याच भिंतीक आसा," ती म्हणाली.

"खाट सरकव गो थोडी. भोक काय घराएवढा पडुचा नाय."

खाट सरकायला जागा नव्हती. खोलीच तेवढी होती. तिने दाजींच्या अंगावर चादर ओढली, तोंडावर पातळ फडकं घातलं, तर फडक्याखाली दाजी घाबरून ओऽ ओऽ करू लागले. तिने फडकं काढलं आणि हाताने त्यांचे डोळे झाकून बसली.

पलीकडून सहदेवची छिन्नी सुरू झाली. दर ठोक्याला अलीकडचा गिलावा थरथरायचा. मग एक चिरा मधोमध फुटला आणि तांबडी माती धो करून खाटेवर आली. दाजींच्या केसांत, भुवयांत, उघड्या तोंडात. जानकीने बोट घालून त्यांच्या जिभेवरची माती काढली. लाळ लाल झाली होती, रक्त आल्यासारखी.

मातीमागून वास आला. जुन्या भिंतीत दोन चिऱ्यांमध्ये पोकळी होती आणि त्यात उंदरांचं घरटं होतं. चिंध्या, कोंडा, वाळलेल्या शेंपट्या आणि त्यातच एक नुकताच मेलेला उंदीर, फुगलेला, ओला. सहदेवने तो तारेने ओढला तर त्याचा अर्धा भाग तिकडे गेला आणि अर्धा दाजींच्या उशाशी पडला.

माजघरातून गुरुदास ओकाऱ्या काढत अंगणात पळाला. तिथूनच ओरडला, "जानकी, ता आधी साफ कर! माजघरात वास येता कामा नये!"

माजघरात. जानकीने कागद घेतला आणि ते उचललं. पोकळी हाताने कोरून रिकामी केली, फिनेल ओतलं, उशी बदलली, दाजींचं डोकं धुतलं. नखांत काय काय अडकलं ते तिने पाहिलं नाही. त्या कामाची तिला किळस आली नाही असं नाही. पण खिडकीतून अंगण दिसत होतं आणि तिथे गुरुदास चूळ भरत होता, बाळा त्याच्या हातावर तांब्याने पाणी ओतत होता. ते बघून तिला जी किळस आली, ती उंदीर हातात असतानाही आली नव्हती.

दुपारपर्यंत काम झालं. भोकातून पाईप आला, पाईपमधून वायरी आल्या आणि दाजींच्या डोक्यावर बोर्ड बसला. बटण, लाल दिवा, खालच्या फळीवर डिशचा काळा डबा. माजघरातून बघितलं तर गुलाबी भिंतीवर नुसता टीव्ही, एक दोरासुद्धा दिसत नव्हता. सहदेव हत्यारं आवरत असताना गुरुदासने आपल्या बॅगेतून एक फ्रेम काढली.

"हेच्यासाठी एक खिळो मार. टीव्हीच्या बाजूक."

फ्रेममध्ये दाजींचा फोटो होता. गलबतावर खलाशांचा तांडेल असतानाचा, मिशा पिळलेला. सहदेवने कौतुकाने बघितलं आणि खिळा ठोकला. मग गुरुदासने पिशवीतून चंदनाचा हार काढला. हातोडी हातातच ठेवून सहदेव आधी हाराकडे बघत राहिला, मग आतल्या खोलीच्या दाराकडे. तो हत्यारं उचलून निघून गेला. चहाला थांब म्हटलं तरी थांबला नाही.

"भावोजी, हार कित्याक?" जानकीने विचारलं.

गुरुदासने आवाज खाली आणला. "पावण्यांका सांगलंय, बापूस गेलो म्हणून. समजून घे गो. लगीन वैशाखात, सात म्हयन्यांनी. तवसर दाजींचा काय झाला तर लगीन वरीसभर अडकतला, त्येंका ता चालाचा नाय. त्यात शंकररावांची म्हातारी आवस कडक आसा. एक दिसाचो प्रश्न. त्या दिसा दार लावन् घ्यायचा."

"आणि ते ओरडले तर?"

"टीव्ही कशाक आणलंय?" गुरुदास हसला.

तिने नवऱ्याकडे बघितलं. बाळाच्या हातात हाराचं दुसरं टोक होतं. तो हार सरळ करत होता, पाकळ्या उलट्या लागू नयेत म्हणून. त्याला आधीपासून ठाऊक होतं हे तिला त्याच्या बोटांवरून कळलं. त्या संध्याकाळी तिने त्याला जेवण वाढलं ते ताट पुढे सरकवून. त्याच्या हाताला हात लागला असता तर तिला पुन्हा आंघोळ करावी लागली असती.

रविवारी पाहुणे आले. शंकरराव जाडजूड, बोटांत अंगठ्या. त्यांची आई काशीबाई बारीक, नऊवारीतली, नजर सुईसारखी. गुरुदासने एकदम शुद्ध मराठी काढली. "या, या, बसा. हे आमचं मूळ घर. वडील होते तेव्हाची शान वेगळी होती." काशीबाईंनी फोटोला हात जोडले. गुरुदासनेही जोडले. बाळाने जोडले.

जानकी आतल्या खोलीत दार ओढून बसली होती. माजघरात टीव्ही लागला होता, क्रिकेटची मॅच. पेज द्यायची वेळ टळली होती, कारण गुरुदासने सकाळीच बजावलं होतं, पाहुणे असेपर्यंत आत-बाहेर करायचं नाही. दाजींनी हाक दिली. भुकेची. पलीकडे टीव्हीचा आवाज वाढला. दाजींनी पुन्हा हाक दिली, आवाज आणखी वाढला. भिंतीतून माणसं ओरडत होती, टाळ्या वाजवत होती, डोक्यावरचा लाल दिवा जळत होता आणि दाजी आपलाच आवाज आपल्याला ऐकू येईना म्हणून गोंधळून तिच्याकडे बघत होते. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी कानात उतरलं.

जानकी उठली आणि बोर्डावरचं बटण तिने बंद केलं.

माजघर एकदम मुकं झालं. त्या शांततेत दाजींचा ओऽ गेला, लांब, स्वच्छ.

"आत कोण आसा?" काशीबाईंचा आवाज.

"ते... शेजारचे एक आजारी गृहस्थ..." गुरुदास म्हणाला.

जानकीने दार सताड उघडलं. "दाजी आसत. माझे सासरे. ह्या फोटोतले."

बाळा फरशीकडे बघत होता. मग शंकरराव उठले, नाकाला रुमाल लावला आणि उंबऱ्यावरून आत डोकावले. खाटेकडे, बोर्डाकडे, परत खाटेकडे. जानकीला वाटलं, आता हा माणूस चार शब्द सुनावेल. गुरुदासला, बाळाला. आपण ऐकायला उभं राहू. त्यासाठीच तिने दार उघडलं होतं.

शंकरराव परत येऊन सोफ्यावर बसले. "डॉक्टर काय म्हणतंत?" त्यांनी गुरुदासला विचारलं. "किती दिवस?"

गुरुदासच्या तोंडाला रंग आला. "तसो भरवसो नाय. म्हणानच तर मी..."

"आधी सांगूचा होता. मग वैशाख कित्याक?" काशीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, हिशेबाचा होता. "तुळशीचा लगीन झाला की लगेच धरूया. तवसर खेचतीत मां?" हे शेवटचं त्यांनी जानकीला विचारलं, जशी नासायला आलेल्या मासळीची चौकशी करावी. "खातंत काय? पेज पोटात जाता मां?"

जानकी स्वयंपाकघरात गेली. पेजेचं भांडं घेऊन परत आली तेव्हा तारीख धरून झाली होती आणि बाळा पाहुण्यांना पेढे देत होता. फोटोवरचा हार कोणी काढला नव्हता. काशीबाई तर त्याच्याच खाली बसून पेढा खात होत्या. जानकीने भांडं खाली ठेवलं, हार ओढला आणि उघड्या दारातून अंगणातल्या शेणाच्या खड्ड्यात, शेणकईत, फेकून दिला. मग भांडं उचलून आत गेली.

पाहुणे गेल्यावर गुरुदास दारापाशी आला. खुशीत होता. "रागानं केलंस, पण बरांच झाला गो. लपवूक नको आता."

तिने चमचा दाजींच्या ओठांना लावला. मान वर केली नाही.

लग्न तुळशीनंतर रेडीला झालं, मोठ्या थाटात. जानकी गेली नाही. दाजींना सोडून कसं जाणार, असं बाळा सगळ्यांना सांगत होता म्हणे, आणि लोक तिचं कौतुक करत होते. तो परतला तो नवीन शर्टात, अत्तराच्या वासात, लाडवांचा डबा घेऊन. दाजींनी तेव्हा नुकतंच अंथरूण खराब केलं होतं. बाळाने वासानेच दारात पाय थांबवले.

"डबो ठेव आणि हंय ये," जानकी म्हणाली.

"माका..."

"मळमळता. माका ठावूक आसा. ये."

तो आला. शर्टाच्या बाहीने नाक दाबून खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला.

"नाक नको धरू. पाय धर."

बाळाने बापाचे पाय धरले. त्याला उमळून आलं, डोळे पाणावले, दोनदा त्याने तोंड फिरवलं. जानकी थांबली नाही. दाजी मुलाकडे बघत होते, टक लावून. तिने फडकं पिळलं, बादलीत बुचकळलं आणि पुन्हा पुसू लागली.

"वर उचल," ती म्हणाली. "आजून वर."