मरगदमअक्कांची अमावस्या

"फोनसुद्धा?" धाकट्या मालकांनी, कदिरवननी, विचारलं.

मरगदमअक्कांचं संगणकाला कुंकू लावून झालं होतं. त्यांनी स्वतःचा फोन सरस्वतीच्या तसबिरीपुढे ठेवला, वर झेंडूचं फूल ठेवलं. "ज्यावर काम करते ते सगळं पूजेत, तंबी," धाकट्या भावाला सांगावं तशा त्या म्हणाल्या. " उद्या सकाळी उचलीन."

शिवकाशीत आयुधपूजेला छापखाना बंद म्हणजे बंद. अक्का तिथे एकतीस वर्षं मुद्रितं तपासत होत्या, मी कागद कापायच्या यंत्रावर होतो. पूर्वी मुद्रितांची भेंडोळी, शाईचे डबे, माझी सुरी, सगळं देवीपुढे जायचं. पूजेत गेलेल्या कागदाला कोणी बोट लावत नसे. दारात कोहळा फोडायचा आणि चुरमुरे-फुटाणे खात बसायचं. थोरले मालक आमच्यातच मांडी घालत. अक्का त्यांच्या बोलण्यातल्याही चुका काढायच्या आणि ते मुकाट सुधारून बोलायचे. घाईचं गिऱ्हाईक दारातूनच परत जायचं.

मग कदिरवननी नवी सोय आणली. संगणकावर ज्या ओळीशी थांबाल तीच ओळ फोनवर उघडते, फोन ठेवलात की टॅबवर. खातं एकच, अक्कांच्या नावाचं. अक्का बसमध्ये वाचू लागल्या, लग्नाच्या पंगतीत वाचू लागल्या, सख्ख्या भावाच्या दिवसकार्यालाही कोपऱ्यात बसून वाचत राहिल्या. याला सोय म्हणतात. कुणाची, ते विचारायचं नाही.

त्या पूजेच्या दिवशी नव्या वर्षाच्या कॅलेंडरचं जानेवारीचं पान अर्धं वाचून राहिलं होतं. अक्का घरी गेल्या तसा कदिरवननी छापखान्यातला टॅब उघडला. अक्का थांबल्या होत्या तीच ओळ समोर आली. उरलेलं पान त्यांनी भराभर सरकवलं आणि 'तपासलं'वर बोट दाबलं. मला डोळा मारून म्हणाले, "टॅब कुठे पूजेत आहे?"

मी हसलो. तोंडात फुटाणे होते.

वीस हजार प्रती गेल्यावर कळलं. पितरांना पाणी द्यायची तै महिन्याची अमावस्या एक दिवस पुढे छापली होती.

कदिरवननी सगळ्यांसमोर संगणकाचा पडदा फिरवला. त्यावर होतं, 'तपासलं, मरगदम'. "नाव कुणाचं आहे, अक्का?"

"नाव माझं आहे. बोट माझं नाही. माझा फोन देवीपुढे होता."

"मग देवीनं दाबलं का?"

लोक हसले. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. नोकरी, म्हातारी आई, पोरीचं लग्न, माझ्याकडे सगळी कारणं होती. भेकडाला कारणं कधी कमी पडत नाहीत. मी कापलेल्या कागदाच्या कडा जुळवत राहिलो.

चूक कबूल असल्याचं लिहून दिलं तर ठेवून घेऊ, असं कदिरवन म्हणाले. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या अक्कांनी न केलेली चूक लिहून दिली नाही. चपला घातल्या आणि गेल्या.

जानेवारीत बसस्थानकाजवळ चहा पीत होतो. टपरीच्या भिंतीवर आमचंच कॅलेंडर होतं. अक्का आल्या. मला पाहिलं, ओळख दाखवली नाही. पिशवीतून पेन काढून टाचा उंचावल्या, अमावस्येचा काळा ठिपका खोडला आणि आदल्या चौकटीत नीट गोल भरला.

चहावाल्यानं विचारलं, हे काय करताय?

"उद्या आहे," त्या म्हणाल्या. "परवा नाही."

आणि शेजारच्या शिंप्याच्या दुकानाची पायरी चढल्या. तिथेही भिंतीवर कॅलेंडर होतं.