काटकसरीला लागलेली कसर

बसवराजच्या हातात पैसा टिकत नसे. सोलापुरातल्या एका कापड दुकानात तो गिऱ्हाइकांपुढं ठाण उलगडायचा आणि उलगडता उलगडता स्वतःच त्याच्या प्रेमात पडायचा. पगार झाला की टेरिकॉटचा शर्ट, मित्रांना लस्सी, एकदा तर बायकोला न विचारता ट्रान्झिस्टर. बायको सिद्धम्मा दुधनीची. साबणाचा झिजलेला तुकडा नव्या वडीला चिकटवून वापरणारी. तिनं भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. शेवटी माहेरी निरोप धाडला, "अप्पा, गड्ड्याच्या जत्रेला या आणि जावयाला चार शब्द सुनावा."

अप्पा म्हणजे महादेवप्पा, दुधनीच्या बाजारातले तुरीचे व्यापारी. चिक्कू म्हणून साऱ्या तालुक्याला ठाऊक. ते येणार म्हटल्यावर बसवराजनं बेलबॉटम पेटीच्या तळाशी लपवली आणि जुना पायजमा चढवून स्टेशनवर गेला.

"मामा, चालतच जाऊ. घर हितंच तर हाय."

"चालत? टांगा बोलाव की!"

दारात टांगा थांबलेला पाहून सिद्धम्मानं नवऱ्याकडंच डोळे वटारले.

संध्याकाळी तिघं गड्ड्यावर गेली. म्हाताऱ्यानं आधी भजी खाल्ली, मग भेळ, मग थेट मोठ्या पाळण्यात जाऊन बसला. वर गेला की लहान पोरासारखा ओरडायचा. उतरला आणि पुन्हा चढला. जावयाला चार शब्द सुनावायचं नावच नाही! तो खाली आल्यावर सिद्धम्माला राहवलं नाही.

"अप्पा, लहानपणी मी हितंच पाळण्यासाठी रडले होते. तुमी काय म्हणालात? वर जाऊन परत खालीच यायचं, त्याला पैसे कशाला?"

महादेवप्पांचं हसू मावळलं. "व्हय. म्हणालो होतो."

जरा वेळ ते धोतराचा सोगा नीट करत राहिले.

"तुज्या लग्नात लोकरी कोट शिवला होता, आठवतो? एकदा घातला आन् ठेवून दिला. तुजी आई 'घाला, घाला' म्हणतच गेली. परवा काढला, तर कसरीनं नुसती चाळण केलेली. जन्मभर काटकसर केली मी, आन् खाल्लं कसरीनं."

इतक्या वर्षांचा राग कुठं ठेवावा, सिद्धम्माला कळेना. तिनं वडिलांचा हात धरला. "चला, माझी फेरी राहिलीय."

पाळणा वर गेला. खाली तळ्यात सिद्धेश्वराच्या देवळाचे दिवे हलत होते. ती इतक्या जोरात किंचाळली, की खाली उभ्या बसवराजनं घाबरून मान वर केली.

उतरल्यावर तिनं कोपरापर्यंत बांगड्या भरल्या. दुसऱ्या दिवशी बाप-लेक सिनेमाला गेले. तिसऱ्या दिवशी दोघं बसवराजच्याच दुकानात हजर! म्हातारा कोटाचं कापड बघतोय, लेक इरकल लुगडी निवडतेय, मालक हात चोळतोय आणि बसवराजसमोर ठाणांचा ढीग वाढत चाललाय. म्हातारा स्वतःच्या खिशातून देत होता. लुगड्यांचे पैसे मात्र जावयाच्या पगारातून कापले जाणार होते. चौथं लुगडं बाजूला पडलं तसा त्याला घाम फुटला.

"साकु, मामा, साकु!" तो कानडीतच ओरडला. "बस्स झालं! सिद्धम्मा, एक ठेव, बाकीची परत. आन् गुमान घरी चला, भाकरी आन् शेंगाचटणी खाऊ."

सारं दुकान त्याच्याकडं बघू लागलं. 'बस्स' हा शब्द नवऱ्याच्या तोंडून सिद्धम्मा पहिल्यांदाच ऐकत होती. तिला असं काही हसू फुटलं, की दुकानाच्या पायरीवरच बसावं लागलं.